तुझे फॉर्म माझ्याकडे आहेत

"खोकी जमिनीवर नका ठेवू हं. वाळवी फार लवकर लागते."

तुला अजून उचललं नव्हतं, ताई. सुरतेत, लिंबायतच्या तुमच्या गल्लीत बायका दाटीनं उभ्या होत्या, आत भन्तेजींची वंदना चालू होती, आणि दाराबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी आपले सर माझ्या पप्पांना हळू आवाजात हे सांगत होते. पप्पांनी मान डोलावली. मी दोन पावलांवर मेणबत्त्यांचा पुडा धरून उभी होते. सरांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले. डोळे खरोखर ओले होते. हे आधीच लिहून ठेवते, कारण सरांना वाईट माणूस ठरवून मला स्वतःची सुटका करून घ्यायची नाही.

कुठली खोकी, हे पप्पांना धड माहीत नव्हतं. मला होतं. साड्यांच्या पॅकिंगची दोन खोकी, सुतळीनं बांधलेली, गोडादऱ्याच्या आमच्या घरात माझ्या पलंगाखाली. त्यांत तू यंत्रमागावरच्या माणसांकडून भरून घेतलेले सगळे फॉर्म. आपल्या दोन्ही घरांत मिळून पीएच.डी.ला नाव घालणारी पहिली तू, माझ्या मामांची मुलगी. दुसरी मी. मार्गदर्शक सर तेच, विषय जवळजवळ तोच, फॉर्मही तेच. तू पाच वर्षं काम करून, फक्त लिहायचं राहिलेलं असताना उठून गेलीस. माझं लिहून झालंय. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. सोमवारी प्रती विद्यापीठात द्यायच्या आहेत. पहिल्या पानावर छापलंय की यातलं सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. खाली माझ्या सहीची जागा मोकळी आहे.

तुला नेलं तेव्हा नळाजवळची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "त्या शिक्षननी एक गिळी. आते दुसरीना मांगे लागी." मी तिच्या पाठीशीच होते. मलेरिया मेंदूत चढला की चार दिवसांत माणूस जातं, त्याला पीएच.डी. लागत नाही, हे मला कळतं. तरी घरी आल्यावर मी पलंगाखाली वाकून पाहिलं. वाळवी नव्हती. खोकी जशीच्या तशी होती, कोरडी ठणठणीत. वाळवी असती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं आणि मी पटकन उठले.

हे मी मराठीत लिहितेय याची तुला गंमत वाटेल. बारावीपर्यंत मला मराठीत फक्त वाण्याची यादी लिहिता यायची. तुझी अहिराणी मला समजायची, पण तोंडातून निघायची नाही. शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती, घरी पप्पांशी अर्धी मराठी अर्धी हिंदी, आणि माणसं जमली की काहीच नाही. तू मला दर रविवारी एक पान लिहायला लावायचीस आणि लाल पेन घेऊन बसायचीस. "ए कॉन्व्हेंट, ‘मी माझे हात धुतले’ काय लिहितेस? नाहीतर शेजारणीचे धुणार होतीस का?" मी रडकुंडीला यायचे. मग तू ते पान मामांना मोठ्यानं वाचून दाखवायचीस, त्यांच्यासमोर मांडी घालून, त्यांच्याकडे बघत. मामा म्हणायचे, "भलतं भारी." त्या वेळी मला वाटायचं, तू एवढ्या मोठ्यानं वाचतेस ते मला चिडवायला.

मी बी.ए.ला असताना तू मला फॉर्म भरायला सोबत नेलंस. सरांचा हट्ट होता की फॉर्म इंग्रजीत हवेत. म्हणून तू प्रश्न अहिराणीत विचारायचीस आणि मी इंग्रजी चौकटीत खुणा करायचे. मागांची शेड, जिला इथे सगळे खातं म्हणतात, तिच्यात पाऊल टाकलं की आवाज कानात येत नाही, छातीत येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं जमीन खचतेय. हवेत तंतू. तू नाकातोंडावरून ओढणी घट्ट गुंडाळून घेतलीस, फक्त डोळे उघडे. मलाही गुंडाळून दिलीस. मग एकेका मागाशी थांबून त्या माणसाच्या कानाशी ओरडत विचारायला लागलीस. किती वर्षं काम करता? त्याला तो बोटं दाखवायचा. बाकीच्या प्रश्नांना मान हलवायचा. हो. पाणी मिळतं का, हो. सुट्टी मिळते का, हो. एकोणिसावा प्रश्न: तुम्हाला नीट ऐकू येतं का? हो.

कुणी वैतागलं नाही, कुणी परत विचारलं नाही. मामा त्याच खात्यात शेवटच्या ओळीत होते. त्यांचाही फॉर्म आपण हसत हसत भरला. बाहेर आल्यावर तू ओढणी सोडलीस आणि म्हणालीस, "किती सहकार्य करतात बघ ही माणसं." मला तुझा अभिमान वाटला. खुणा सगळ्या माझ्या हातच्या आहेत, ताई. निळ्या शाईत, शाळेत शिकवतात तशा, चौकटीबाहेर न जाणाऱ्या.

मग प्लेगचा तो आठवडा आला. पप्पांनी आम्हाला गावी पाठवायचं ठरवलं, पण स्टेशनवर उभं राहायला जागा नव्हती, म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो. सगळं सुरत तोंडाला रुमाल बांधून. खाती बंद. लिंबायतमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ताटलीवर चमचा पडला तरी दचकायला व्हायचं. दुपारी मामा खाटेवर बसले होते, तू त्यांच्यासमोर गोळ्या घेऊन उभी, तोंडाला रुमाल. "बाबा, जेवणानंतर घ्यायच्या, आत्ता नाही." मामांनी मान हलवली आणि गोळी तोंडात टाकली. तू परत सांगितलंस. त्यांनी परत मान हलवली, हसले आणि दुसरी टाकली. तू जागच्या जागी थांबलीस. मग तू हळू विचारलंस, "बाबा, आज मी मरून जाऊ का?"

मामा म्हणाले, "हा, हा."

तू रुमाल खाली ओढलास. तेच शब्द परत म्हणालीस, तोंड दिसेल असं. मामा खाटेवरून ताडकन उठले. "येडी व्हई गई का पोर! तोंडमा काय बोलस?"

तू लगेच वळलीस. माळ्यावरून खोकं काढलंस, मामांचा फॉर्म शोधलास आणि माझ्यापुढे धरलास. तुम्ही एकटेच राहता का? हो. माझी निळी खूण. समोर उभ्या असलेल्या सख्ख्या मुलीला बापानं सांगितलं होतं की मी एकटा राहतो. मामी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, घरात तुम्ही दोघंच. आता तू नाहीस. ती खूण आता खरी झालीय, आणि मला त्या फॉर्मची भीती वाटते.

तुला जे त्या दुपारी समजलं ते मला समजायला पुढे बरेच दिवस लागले. वीस-वीस वर्षं मागावर काढलेली माणसं कानानं ऐकतच नव्हती. ओठ बघून चालवून घेत होती. आणि आपण ओठ झाकून गेलो होतो. खात्यात मास्तर, म्हणजे मुकादम, काही ओरडला की मान हलवायची, हा तिथला रिवाज. दोनदा विचारणारा माणूस मंद समजला जातो आणि त्याचा माग दुसऱ्याला जातो. म्हणून वर्षांचा नेहमीचा प्रश्न अंदाजानं ओळखून, बाकी सगळ्याला त्यांनी आपल्यालाही मान हलवली. अदबीनं.

सरांकडे तू गेलीस तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. सर चिडले नाहीत. ते बडोद्याचे, चिडले तरी गोड बोलतात. "अगं करुणा, पाच वर्षं झाली. पुन्हा फॉर्म भरायचे म्हणजे अजून दोन. कोण वाचतं? थीसिस दोनच माणसं वाचतात, एक लिहिणारा आणि एक टाइप करणारा." तूही हसलीस, मला ऐकू आलं. मग म्हणालीस, "सर, माझा टाइपवालाही लिंबायतचाच आहे. त्याचे वडीलही मागावरच आहेत." आणि बाहेर आलीस. मला म्हणालीस, "चल, पाणीपुरी खाऊ." मला वाटलं, काहीतरी मार्ग निघाला.

तू पीएच.डी. सोडलीस हे कळल्यावर मामांनी सहा महिने तुझ्याशी धड बोलणं टाकलं. भिंतीवरच्या कोट-चष्म्यातल्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यासनी उपाशी ऱ्हाईसन एवढं शिक्षन कयं. तुले खाई-पीसन बी नही जमनं?" तू पोळी लाटत राहिलीस. नातेवाइकांत तुझं नाव ‘अर्धवट’ पडलं. एका स्थळानं तर तेवढ्यावर नकार कळवला. मी तुला म्हटलं, मामांना सांग ना खरं. तू माझा हात असा दाबलास की बांगडी रुतली. "त्यांना कळलं की त्यांच्या हो-मुळे झालं, तर ते जन्मात कुणाला हो म्हणायचे नाहीत. तू बोलायचं नाही. शपथ घे." मी घेतली. मला न बोलण्याची शपथ घालणं म्हणजे माशाला पोहण्याची घालणं, असं तूच नंतर म्हणालीस.

आणि तरी मी त्याच सरांकडे नाव घातलं. हे भांडण आपलं मिटलंच नाही. सर म्हणाले, फॉर्म तयार आहेत, तू फक्त पृथक्करण कर. मी नाही म्हणू शकले नाही. खरं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं. मला ते ‘डॉ.’ नावापुढे हवं होतं, तुझंसुद्धा माझ्या नावापुढे लावून हवं होतं. खोकी न्यायला आले तेव्हा मी तुला म्हणाले, "तू पळून गेलीस. शेवटच्या पायरीवरून."

तू चहा गाळत होतीस. "ताटात केस निघाला तर काय करतेस?"

"काढते आणि जेवते."

"आणि पाल निघाली तर?"

मी खोक्याची सुतळी आवळत राहिले.

"मग उठतेस ना? तेव्हा कुणी म्हणतं का, बिचारी शेवटच्या घासापर्यंत पोचली नाही?"

"तुझ्या ताटातली पाल मी तळटीप देऊन बाजूला काढीन," मी म्हणाले. मला ते फार हुशारीचं वाटलं. फॉर्म कोणत्या परिस्थितीत भरले, याची सविस्तर तळटीप. तू कप माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालीस, "ठीक. तळटीप तरी ठेव."

पण सोडल्यानंतरची तू मी पाहिली आहे आणि ती मला कुणी विसरायला सांगू नये. तू जाड झालीस. शाळेत शिकवायला लागलीस आणि मुलांची नावं घेऊन घेऊन मला गोष्टी सांगायचीस. रविवारी घरोघरी जायचीस. माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, दारापाशी उभं राहून नेहमीच्या आवाजात त्याचं नाव घ्यायचं, नाही वळला की एक पाऊल पुढे. दोनशे पानी वहीत नाव आणि पावलं, बस. कुणी कानाशी जाईपर्यंत वळायचा नाही. मग त्याची बायको पदर तोंडाला लावून हसायची, "तीस वरीसपाईन हाका मारस मी याले! आते समजनं!" आणि हसता हसता तिचा चेहरा बदलायचा. तू त्या माणसाच्या समोर जाऊन बसायचीस आणि सगळं नीट, सावकाश, ओठ दिसतील असं सांगायचीस. कानात कापूस नाही, मेणाचे बोळे घाला म्हणायचीस. फॉर्मच्या पाच वर्षांत जे मिळालं नाही ते तुला त्या वहीत मिळत होतं, आणि ती वही कुठेही सादर करायची नव्हती. मी दाराशी उभी राहून तुझा हेवा करायचे.

मामांचं नाव त्या वहीत नाही. मी कालच पानन् पान पाहिलं. तू त्यांना कधी भिंतीकडे तोंड करून बसवलंच नाहीस. आणि मामा गल्लीत बाकी सगळ्यांबद्दल सांगायचे, "त्या बठ्ठा बहिरा व्हई ग्यात. मी नही."

तळटीप सरांनी दुसऱ्याच वाचनात लाल रेघ मारून काढली. "परीक्षकाच्या हातात काठी कशाला द्यायची?" मी ते पान पुन्हा टाइप करून आणलं. चौथ्या प्रकरणात आता एक स्वच्छ वाक्य आहे: जवळपास सर्व कामगारांनी आपल्याला उत्तम ऐकू येत असल्याचं सांगितलं. सर कारखानदारांच्या एका मंडळासाठी अहवाल करतायत, त्यात ते प्रकरण जसंच्या तसं जाणार आहे. कामगारांनी कानांच्या तपासणीसाठी अर्ज केला होता, त्याला उत्तर म्हणून. हे मला महिन्याभरापूर्वी कळलं. मी तुला सांगणार होते. एकदा रिक्षात बसून कामरेजपर्यंत आपण सोबत गेलो तुझ्या मैत्रिणीकडे, दीड तास, आणि मी हवेबद्दल बोलले.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुला थोडी शुद्ध होती. तुझे ओठ सुकले होते. तू विचारलंस, "सोमवार कुठला?" मी सांगितलं, पुढच्याच्या पुढचा. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "तळटीप आहे ना?"

मी मान हलवली.

तू ती बघितलीस की नाही, मला माहीत नाही. तुझे डोळे अर्धे उघडे होते. मी अजून त्या अर्ध्या डोळ्यांपाशीच अडकलेय. तुला खरं वाटलं असेल तर मी तुला फसवून पाठवलं. आणि वाटलं नसेल तर तू माझ्याकडून तेवढंच घेऊन गेलीस. यातलं कुठलं बरं, हे मी ठरवू शकत नाही. रोज फोन वाजतो. शेजारच्या काकू हाक मारतात, "मिनू, तुझे सर." मी जाते, रिसीव्हर कानाला लावते आणि सर म्हणतात, "सही केलीस ना बेटा?" त्यांच्या मागे कुठेतरी माग चालू असल्यासारखा आवाज असतो. त्यांच्या घराजवळ माग नाहीत.

काल तुझा जलदानविधी झाला. तुमच्या पुढच्या खोलीत पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. तुझा फोटो, तो एम.ए.चा, त्यात तू उगाच गंभीर आहेस. भन्तेजी झाल्यावर दोन-चार जण बोलले. मग सर उठले. छान बोलले. तुझ्या जिद्दीबद्दल, शेडमध्ये ओढणी बांधून फिरणाऱ्या तुझ्याबद्दल. आणि म्हणाले, "करुणाचं अपुरं राहिलेलं काम आपली मीनल पूर्ण करते आहे. सोमवारी. प्रबंध तिलाच अर्पण केला आहे." खोलीत बायका रडायला लागल्या. पप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मामा सरांच्या अगदी समोर बसले होते, तोंड वर करून, त्यांच्या ओठांकडे बघत. त्यांना सगळं समजलं. त्यांनी हात जोडले. "मन्ही आंडेरनी अर्धं टाकी दिधं, साहेब. हाई पोर पुरं करी. तुमना उपकार."

अर्धं टाकी दिधं. स्वतःच्या मुलीबद्दल, तुझ्या फोटोसमोर. आणि तू काही म्हणू शकत नव्हतीस.

मी म्हणाले, "सर, मी सोमवारी देणार नाही." मला वाटतं मी म्हणाले. माझा आवाज तुला ठाऊक आहे. सर खाली वाकले, माझ्या खांद्यावर थोपटलं. "नंतर बोलू हं. आत्ता नको." पप्पा कुजबुजले, "मिनू, बस." मी बसणारच होते.

पण मामांनी माझे ओठ हलताना बघितले होते. पदराआडून, अर्धेच बघितले होते. ते मान पुढे काढून विचारायला लागले, "काय म्हनस ती? काय म्हनस?"

"काही नाही, मामा, रडतेय ती," पप्पा म्हणाले. मामांनी मान हलवली. हो हो. आणि मला दिसलं की त्यांना तेही ऐकू आलेलं नाही.

तू रागावशील. शपथ तुझी होती. मी चादरीवरून गुडघ्यांनी सरकत मामांच्या पुढ्यात जाऊन बसले. तोंडावरचा पदर काढला. त्यांचे दोन्ही हात धरले, म्हणजे ते दुसरीकडे बघणार नाहीत. खोलीत तीसेक माणसं होती आणि खालच्या मजल्यावर माग चालू होते, त्यामुळे मला जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडावं लागलं:

"मामा! ताईनं अर्ध्यात टाकलं नाही! तिनं खात्यात विचारलेलं तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं! कुणालाच ऐकू आलं नव्हतं, आणि तुम्ही सगळे हो म्हणालात. ते हो मी लिहिले, मामा. खोटे आहेत ते. मी त्यांच्यावर सही करणार नाही!"